काकासाहेबांच्या खिडकीतून

राजूरच्या शाळेत मी सव्वीस वर्षं शिकवलं. मांडी घालून बसलेल्या मुलांच्या तळपायांवरून कोण किती लांबून चालत येतो, हे मला ओळखता यायचं. बिरू धनगरवस्तीवरून यायचा, तीन मैल. त्याच्या पायांना तेव्हा इतरांसारख्याच भेगा होत्या. पुढे निवृत्त होऊन मी जालन्यात मस्तगडला राहायला आलो आणि तो पुन्हा भेटला, तेव्हा भेगा गेल्या होत्या. तळपाय पाट्याच्या दगडासारखे झिजून गुळगुळीत झाले होते. त्याची बायको आसराबाई म्हणायची, "हे उन्हातून आल्यावर पाय वर करून पडले ना गुरुजी, तर मला चूल पेटवायची गरज न्हाई. भाकर तिथंच भाजंल."

बिरू हसायचा. स्वतःवर केलेल्या चेष्टेला तो नेहमी मान हलवून कबुली द्यायचा, जणू कोणी हजेरी घेत आहे.

सातवीत मी मुलांना आत्मवृत्तं लिहायला लावायचो. फळा बोलतो, झाड बोलतं, फाटकं पुस्तक बोलतं. मुलं पानंच्या पानं भरायची. एकदा शाळेच्या घंटेचं आत्मवृत्त दिलं. बिरूनं दोन ओळी लिहिल्या. "घंटा बोलत नाही. तिला मारलं की वाजते." मी त्याला दहापैकी तीन गुण दिले आणि वर्गात ते वाचून दाखवलं. सगळे हसले. त्यानंही मान हलवली.

सातवीनंतर तो बापाच्या मेंढरांमागे गेला. मेंढरं कमी होत गेली, कुरणं गेली, आणि एक्याऐंशी साली तो आसराबाईला घेऊन जालन्याला आला. काकासाहेबांच्या डाळ मिलमध्ये त्याला काम मिळालं. काकासाहेब मूळचे हसनाबादचे, मोठ्या शेतीवाडीचे. त्यांनी गावची जमीन भावांवर सोपवून जुन्या जालन्याच्या कडेला मिल टाकली होती आणि मस्तगडला घर बांधलं होतं. अंगानं मोठे, बोलायला कमी. आमचं घर त्यांच्या घरापासून चार दारं सोडून होतं, तरी एका वर्षात ते माझ्याशी दहा वाक्यं बोलले असतील तर शपथ.

बिरूचं काम वाळवणावरचं. तुरीला तेल-पाण्याचा हात दिला की ती मिलच्या मागच्या सिमेंटच्या अंगणात पसरायची. एका अंगावर वाळू नये म्हणून दिवसभर ती उलटावी लागते, आणि ती उलटतात पायांनी. माणूस अनवाणी, पाय न उचलता, तुरीतून ओढत चालतो. त्याच्या मागे दोन तास, म्हणजे चर, पडत जातात, नांगरलेल्या शेतात पडतात तसे. टोकाला गेला की वळतो आणि त्याच्या शेजारून परत येतो. चैत्र-वैशाखात ते सिमेंट काय तापत असेल, याची कल्पना मला एकदा फाटकात चप्पल तुटली तेव्हा आली. चार पावलं टाकून मी सावलीत पळालो होतो.

पण नुसतं उलटणं कोणीही करील. तूर किती वाळली हे बिरूला तळपायाला कळायचं. कच्ची राहिली तर साल सुटत नाही, जास्त वाळली तर डाळीचा चुरा होतो. मधली वेळ तासा-दीड तासाची असते. ती आली की तो अंगणाच्या मधोमध उभा राहायचा आणि वर बघायचा. वरच्या मजल्यावर काकासाहेबांची बसायची खोली होती, तिला एक मोठी खिडकी. काकासाहेब खिडकीतून हात करायचे. मग खालची माणसं तूर गोळा करायला धावायची. अठरा वर्षं या दोघांत कामाचं बोलणं एवढंच झालं. एकानं थांबायचं, दुसऱ्यानं हात करायचा.

अठ्ठ्याण्णव साली काकासाहेब अर्धांगानं खाटेवर पडले आणि सात महिन्यांनी गेले. मुलांना मिलमध्ये रस नव्हता; ते पडले तेव्हाच मिलला कुलूप लागलं होतं. पुढच्या वर्षी जागा विकली गेली. पत्रे उतरले, अंगणावर कोणी तरी विटा रचल्या. बिरू तेव्हा पंचेचाळिशीत होता.

त्याची अडचण साधी होती. राजूरकडे त्याचा थोरला भाऊ राधाकिसन राहत होता, तीस-पस्तीस मेंढरं राखून. ती त्यालाच पुरत नव्हती. पण दिवाळीपर्यंत जालन्यात काम लागलं नाही तर बिरूला खोली सोडून तिथेच जावं लागणार होतं, भावाच्या दारात. राधाकिसननं तसा निरोपही पाठवला होता: "ये, पण बायकोला सांग, इथं नळ न्हाई." आसराबाई तो निरोप मला दोनदा सांगून गेली. दोन्ही वेळा हसत सांगितला, पण दुसऱ्यांदा हसणं अर्ध्यावर राहिलं.

लहान मिल बंद पडत होत्या. नव्या होत्या त्यांत वाळवणाला यंत्रं आली होती आणि माणसं घेताना मुलाखत घ्यायची पद्धत सुरू झाली होती. गड्याला मुलाखत, याचं बिरूला नवल वाटलं. पहिली मुलाखत देऊन तो सरळ माझ्याकडे आला आणि ओसरीच्या पायरीवर बसला.

"काय विचारलं?"

"म्हणले, तुमच्याबद्दल सांगा."

"मग?"

"मंग मी म्हणलं, माझ्याबद्दल मी कसं सांगू साहेब, लोकायला इचारा. ते म्हणले, लोक कुठून आणू? मी म्हणलं, ते बी बराबर हाये."

"आणि?"

"आणि काय. चहा पाजला."

मला वाईट वाटलं, पण थोडा उत्साहही आला. शिकवण्याची सवय जात नाही. मी म्हणालो, "बिरू, आपल्या तोंडानं आपलं सांगायला जड जातं ना? मग काकासाहेबांच्या तोंडानं सांग. ते खिडकीत बसले आहेत, तुला बघताहेत. त्यांना तू कसा दिसायचास, ते सांग. आत्मवृत्त लिहायचो ना आपण, तसंच. काकासाहेब बोलताहेत असं समज."

"म्हंजी मालकाच्या नजरेनं."

"अगदी बरोबर."

"हे जमंल," तो म्हणाला. मी खूश झालो. घंटेचा निबंध मला तेव्हा आठवायला हवा होता.

दुसरी मुलाखत औद्योगिक वसाहतीतल्या एका धान्याच्या गोदामात होती. माल उतरवून घेणं, ओला-कोरडा पाहणं, असं काम. अगदी त्याच्यासाठी केल्यासारखं. संध्याकाळी मी ओसरीवर त्याची वाट पाहत होतो. तो आला, पायरीवर बसला आणि डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सांगितलंस काकासाहेबांचं?"

"सांगितलं. बराबर तुम्ही सांगितलं तसं. म्हणलं, आमचे मालक आज असते तर म्हणले असते, बिरूनं अठरा वर्सं वाळवण केलं. येळेवर यायचा. एक डाव त्याच्या पायी चाळीस पोते तूर भिजली."

मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"हे कशाला सांगितलंस?"

"झाल्तं तसं, गुरुजी. एकोणनव्वद साली, फाल्गुनात. अवकाळी आल्ता. मालकानं खिडकीतून पाह्यलं. तूर भिजून राह्यली, ताडपत्री घडी घालून पडली अन् बिरू जागेवर न्हाई."

"कुठे होतास तू?"

त्यानं टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. त्या आठवड्यात ऊन लवकर तापलं होतं. तळपायांना फोड आले होते आणि त्या दिवशी सकाळी ते फुटले. तो कोणाला बोलला नाही. दुपारपर्यंत चालला. मग मिलच्या मागे पाण्याचं टाकं होतं, तिथे पाय सोडून बसला. थंड वाटलं, डोळा लागला. पावसाचा आवाज पत्र्यावर आला तेव्हा उठून धावला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

"काकासाहेब काय म्हणाले?"

"म्हणले, तूर भिजली."

"एवढंच?"

"एवढंच. मी बी म्हणलं, व्हय."

"अरे, पण पायांचं सांगायचंस ना. त्यांना नाही तर निदान आज त्या साहेबांना."

बिरूनं माझ्याकडे पाहिलं. त्यात तक्रार नव्हती. मी एखादं गणित फळ्यावर चुकीचं सोडवावं आणि हुशार मुलानं गप्प बसून वाट पाहावी, तसं पाहिलं.

"तुम्ही म्हणले मालकाच्या नजरेनं सांग. मालक वर बसायचे. वरून माणसाचे तळपाय दिसत न्हाईत, गुरुजी."

तो पुढे म्हणाला, "गेलेल्या माणसाच्या तोंडी मी माझ्या सोयीचं कसं घालू? त्यांना जेवढं दिसलं तेवढंच त्यांचं." मग टोपी घालून उठला. गोदामाचं काम गेलं होतं, हे त्यानं सांगितलंही नाही. मी विचारलंही नाही.

दसरा आठ दिवसांवर होता. चूक माझी होती, आणि ती दुरुस्त करायची तर एकच मार्ग मला दिसत होता. काकासाहेब बिरूविषयी खरोखर काय म्हणाले होते, ते कुठून तरी शोधायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार दारं ओलांडून त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई तांदूळ निवडत होत्या. मी विषय काढला तशी त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"चांगलं म्हणायची सवयच नव्हती ह्यांना, गुरुजी. मला चाळीस वर्षांत एकदा म्हणाले, भाजी बरी झाली. ती शेजारणीनं पाठवलेली होती."

"बिरूचं नाव कधी घरात निघायचं?"

"मिलचं काही घरी आणत नव्हते." बाहेर फुलवाला ओरडत गेला. तो लांब जाईपर्यंत त्या दाराकडे पाहत होत्या. "शेवटी मात्र निघायचं. खाटेवर होते तेव्हा. बोलणं जड झालं होतं, अर्धं कळायचं नाही. पण दुपारचे दोन वाजले की विचारायचे, वाळवण उलटलं का? मिल तर बंदच होती तेव्हा, कुलूप लावलेलं. मी म्हणायची, उलटलं. मग विचारायचे, कोणी? पहिल्यांदा मी काहीतरी नाव घेतलं तर चिडले, हात आपटला खाटेवर. मुलगा म्हणाला, आई, बिरू म्हण. म्हटलं, बिरूनं उलटलं. की डोळे मिटायचे आणि झोपायचे. सात महिने रोज. मला तो बिरू पाहिलेला पण आठवत नाही."

मी घरी न जाता तसाच बिरूच्या खोलीवर गेलो. आसराबाई दारात भांडी घासत होती, तो आत भिंतीला टेकून बसला होता. दुर्गाबाईंचं बोलणं मी शब्दही न बदलता सांगितलं. आसराबाईचा हात राखेच्या भांड्यात थांबला. बिरू उठून माठाकडे गेला, पाणी घेतलं, न पिता तसंच ठेवलं.

"दोन वाजताच बराबर," तो शेवटी म्हणाला. "दोनला तूर दुसऱ्यांदा उलटायला लागायची."

"बिरू, आता हे सांग. पुढच्या मुलाखतीला हेच सांग. यात तुझ्या सोयीचं काही नाही. हे त्यांचंच बोलणं आहे."

"न्हाई, गुरुजी."

"का?"

"ते घरातलं हाये. दुखण्यातलं." त्याला शब्द सापडत नव्हते. "ते साहेबापुढं कशाला काढायचं. त्यांनी ते मला बी न्हाई सांगितलं."

आसराबाई बाहेरून म्हणाली, "अन् राधाकिसनभाऊच्या दारात गेल्यावर काय सांगायचं? तिथं कोणी इचारणार बी न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता. ती पुन्हा भांडी घासू लागली.

दसऱ्यानंतर तिसरी मुलाखत आली, एका बियाण्याच्या कंपनीच्या कारखान्यात. या वेळी मी बरोबर गेलो. वीज नव्हती म्हणून दार उघडं होतं आणि मी बाहेरच्या बाकावरून सगळं ऐकत होतो. मुलाखत घेणारा शिवाजी नावाचा तरुण अधिकारी होता, तिशीच्या आतला, शेतकी शिकलेला. बोलायला चांगला. त्यानं बिरूला आधी बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग समोरच्या कागदावरचा प्रश्न वाचला.

"मामा, तुमच्या आधीच्या मालकांना मी तुमच्याबद्दल विचारलं, तर ते काय सांगतील?"

मी बाकावर पुढे सरकलो. माझं मन म्हणत होतं, सांग. वाळवण उलटलं का, ते सांग.

"ते वारले, साहेब," बिरू म्हणाला.

"अच्छा. पण असते तर?"

"असते तर त्यायनी त्यायचं सांगितलं असतं. त्यायचं मी न्हाई सांगू शकत." मग तो म्हणाला, "माझं इचारा."

"बरं, तुमचं सांगा."

"माल वाळला का न्हाई, ते मला पायाला कळतं."

एवढं वाक्य स्वतःविषयी तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असावा. शिवाजीला ते नीट समजलं नाही. बिरूनं वाळवणाचं सांगितलं. मग शिवाजीला उत्सुकता वाटली. तो उठला आणि बिरूला मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. मीही गेलो. तिथे ज्वारीचं बियाणं पसरलेलं होतं. बिरूनं चपला काढल्या आणि पाऊल उचललं.

"अहो मामा, पाय नका लावू," शिवाजी घाईनं म्हणाला आणि मग ओशाळून हळू आवाजात, "हे बियाणं आहे. आम्ही हातसुद्धा मोजे घालून लावतो. कंपनीचा नियम आहे." त्यानं खिशातून एक छोटं यंत्र काढलं, मूठभर दाणे त्यात टाकले आणि काचेवर उमटलेला आकडा बिरूला दाखवला. "हे सांगतं आम्हाला."

बिरू आकड्याकडे वाकून पाहत होता. एक पाय अजून अर्धा उचललेला होता. तो त्यानं मागे घेतला आणि चपलेत घातला.

"बराबर हाये," तो म्हणाला.

परत येताना शिवाजी माझ्याशी बाजूला बोलला. माणूस सरळ दिसतो, म्हणाला. शेडमध्ये जागा देता येणार नाही, पण फाटकावर एक माणूस पाहिजे आहे. मी बिरूला सांगितलं. उत्तर बरोबर आलं की चूक हे कळत नसताना पोर पाहतं, तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यानंही हलवली.

आठ दिवसांत खाकी कपडे मिळाले आणि काळे बूट. बुटांशिवाय फाटकावर उभं राहता येत नाही, हाही नियमच. पहिले दोन महिने त्याला चालता येईना. आसराबाई म्हणायची, "नवरीवाणी चालून राह्यले." खोली राहिली. नळ राहिला. दिवाळीला ती माझ्याकडे चकल्या घेऊन आली आणि देवापुढे ठेवतात तशा माझ्यापुढे ठेवल्या. मला त्या घेताना चोरी केल्यासारखं वाटत होतं.

या गोष्टीला पाच-सहा वर्षं झाली. त्यानंतर त्याच्याजवळ काकासाहेबांचं नाव मी कधी काढलं नाही. त्यानं एकदाच काढलं. तो म्हणाला, त्या भिजलेल्या तुरीचं त्यांना टाक्यापाशी पाय दाखवून सांगितलं असतं तर बरं झालं असतं का, गुरुजी? मी म्हणालो, बरं झालं असतं. तो म्हणाला, त्यायला खाली यावं लागलं असतं.

गेल्या चैत्रात मी त्याच्या खोलीवर गेलो होतो. आसराबाईनं घरच्यापुरती पायलीभर तूर आणली होती आणि तेल-पाणी लावून गच्चीवर चादरीवर पसरली होती. बिरूची दोनची पाळी होती. कपडे घालून तो तयार होता, बूट दाराशी. आम्ही दोघं गच्चीवर गेलो. त्यानं मोजे काढले. त्याचे तळपाय मी बऱ्याच दिवसांनी पाहिले. पांढरे पडले होते, मऊ, बोटांच्या बेचक्यांत सोललेले. आडव्या तिडव्या बारीक भेगाही आल्या होत्या. शाळेत होत्या तशा नव्हेत, घामानं पडतात तशा. चादरीच्या कडेनं तो तुरीत उतरला. चार हातांची जागा, पण पाय न उचलता, ओढत, तास पाडत गेला, वळला, परत आला. मग मधोमध थांबला. वर पाहिलं नाही. वर नुसतं आभाळ होतं.

"वाळली," तो म्हणाला.

आसराबाई जिन्यावरून आली, वाकली, दोन दाणे उचलून दाढेखाली धरले.

"न्हाई वो," ती हलक्या आवाजात म्हणाली. "दमट हाये आतून. अजून एक ऊन लागंल."

बिरू तुरीतून बाहेर आला. कठड्यावर बसून त्यानं तळपायाला चिकटलेले दाणे एकेक करून चादरीवर परत टाकले, मोजे चढवले आणि किती वाजले ते मला विचारलं. दीड वाजला होता.